आप्फेल आणि लाल बटण

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादी नवी भाषा शिकावी, असं मला कधीच वाटलं नव्हतं. पंचायत समितीत आवक-जावक सांभाळताना मराठीच पुरून उरली होती. पण माझी चार वर्षांची नात मैत्री जर्मनीत वाढतेय. तिच्या तोंडात मराठी बसत नाही, माझ्या तोंडात जर्मन. व्हिडिओ कॉलवर ती 'हालो' म्हणते आणि पळते. मग मी इकडे गंगाखेडात बसून तिकडचा रिकामा सोफा बघत राहतो. (सोफा चांगला आहे.)

म्हणून मी तिच्या आईला, म्हणजे माझ्या मुलीला सुकेशनीला, म्हटलं, "मला शिकीव." तिने तिकडून लिंक पाठवून माझ्या मोबाइलवर कार्डांचं ॲप टाकून दिलं. कार्डावर सफरचंदाचं चित्र येतं. आपण जर्मन शब्द आठवायचा, मग बोट लावलं की उत्तर ऐकू येतं. आठवला असेल तर हिरवं बटण दाबायचं. ते कार्ड मग बरेच दिवस तोंड दाखवत नाही. विसरला असेल तर लाल. ते लगेच परत येतं. आणि उत्तरं सगळी मैत्रीच्या आवाजात!

"आप्फेल," ती म्हणाली आणि खुदकन हसली. चमच्याच्या कार्डात तिला शिंक आली होती. सुकेशनीने ती तशीच ठेवली होती.

पहिल्याच सकाळी मला आप्फेल पाठ झालं. हिरव्याकडे बोट नेलं आणि थबकलो. हिरवं दाबलं की पोरगी गेली! मी लाल दाबलं. "आप्फेल," पोरगी परत आली. मग काय, चहा घेताना लाल, जेवताना लाल. चमच्याच्या शिंकेनंतर मी मोबाइलला "जप गं माय" म्हणायलाही लागलो. फार जीव तुटायचा हो तिच्यासाठी.

घोटाळा असा, की या ॲपचा अहवाल सुकेशनीला जात होता. (आमच्या ऑफिसात अहवाल कोणी वाचत नसे, त्यामुळे मी गाफील.) तिने घाबरून आईला फोन केला, "मम्मी, पप्पांना एक शब्द ध्यानात राहीना. पप्पा इसरायलेत!"

माझ्या बायकोने, बबिताने, तातडीने बदाम भिजत घातले आणि पेडगावहून भावाला बोलावून घेतलं. भगवानराव शाळामास्तर. परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. दारातूनच त्यांनी विचारलं, "दाजी, मी कोण?"

आता मेव्हण्याची थट्टा नाही करायची तर कोणाची करायची? मी म्हटलं, "वळख न्हाई लागली, पाव्हणं."

झालं! बबिताने डोळ्यांना पदर लावला. "आवं, परवाच तर फोनवर ह्याच्याशी भांडलात की!" शेजारच्या कुसुमबाई ब्राह्मीचं तेल घेऊन धावत आल्या.

"मस्करी करायलोय," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणत्यात," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

खरं सांगणार तरी कसं? नातीची शिंक ऐकायला आजोबा लाल बटण दाबतो, हे मेव्हण्यासमोर? मी मुकाट्याने तेल चोळून घेतलं.

संध्याकाळी सुकेशनीचा कॉल आला. "पप्पा, चूक माझीच हाय. तिचं बोबडं तुमाला कळत नसंल. मी तिचा आवाज काढून टाकला. ह्यांनी सगळी कार्डं नव्यानं बोलून दिलीत."

ह्यांनी म्हणजे जावई बुद्धभूषण यांनी. माणूस लाखात एक, पण आवाज मोंढ्यात कापसाचा लिलाव पुकारावा तसा.

मी सफरचंदाला बोट लावलं. "आप्फेल!" जावई गरजले. हिरवं. कुत्रा, हिरवं. मांजर, हिरवं. चमच्यापाशी जरा थांबलो. जावई शिंकले नाहीत. मग हिरवं दाबलं. चहा निवायच्या आत सगळी कार्डं संपली.

लगेच सुकेशनीचा फोन. आनंदाने रडत होती. "पप्पा, सगळं हिरवं! आता पुढची समदी कार्डं ह्यांच्याच आवाजात पाठवते!"

"बदामाचा गुण," बबिता म्हणाली.

"परीक्षेचा धाक," मास्तर म्हणाले.

मी "पाठव बाई" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जावयाला लाल बटण दाबायची आपल्यात पद्धत नाही.