पंजे कोरडे, आटे ओले

लाँड्रीतलं मोठं मशीन सकाळी सकाळी घर्रर्र करून थांबलं, तेव्हा सासऱ्यांनी शहाण्या माणसासारखा मेकॅनिकला फोन लावला होता. तो लागलाही होता. पण नेमके त्याच वेळी जावईबापू सुट्टीवर आलेले होते आणि चहाचा कप घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी सासऱ्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि मेकॅनिकला सांगितलं, “नका येऊ हो. घरातच माणूस आहे.”

घरातला माणूस म्हणजे ते स्वतः. एका कारखान्यात ते मशीनदुरुस्ती खात्यात होते. खात्यात होते म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांच्या मागे उभे राहून “जपून रे” म्हणत होते. पण ही माहिती सासुरवाडीपर्यंत पोचलेली नव्हती.

“बघा बरं का,” सासरे काळजीने म्हणाले. “हॉटेलच्या चादरी आहेत आत. संध्याकाळी त्यांच्या बाई न्यायला येणार. मागच्या खेपेला उशीर झाला, तेव्हाच त्या बोलून गेल्यात, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ म्हणून. त्या हॉटेलवर तर आपली लाँड्री चाललीय.”

“बाबा, संध्याकाळ फार लांब आहे,” जावईबापू म्हणाले. “मागचं बेअरिंग गेलंय. ते बदलायला आधी पुढचा गिअर काढावा लागेल. पुलर आहे माझ्या गाडीत.”

पुलर आला. तीन लोखंडी पंजे, मधून जाडजूड स्क्रू आणि सगळ्या अंगावर काळ्या ग्रीसचा थर. जावईबापूंनी तो टेबलावर ठेवला. ते टेबल इस्त्रीचं होतं. सासूबाईंनी श्वास रोखला. या बाईचा सगळा जन्म लोकांच्या कपड्यांवरचे तेलाचे डाग काढण्यात गेला होता. त्यांच्या घरात भाजीसुद्धा बेताच्या तेलात होत असे.

“हे पंजे गिअरला मागून धरतात,” जावईबापूंनी समजावून सांगितलं. “मग मधला स्क्रू फिरवायचा. तो शाफ्टला ढकलतो आणि पंजे गिअरला ओढतात.”

“ओढायचंय की ढकलायचंय?” सासरे म्हणाले. “एक काय ते ठरवा.”

“दोन्ही, बाबा! एकाच वेळी! आणि याची निगा राखणं सोपं आहे. एकच लक्षात ठेवायचं. पंजे कोरडे, आटे ओले. पंज्यांना तेल लागलं तर ते निसटतात आणि स्क्रूच्या आट्यांना ग्रीस नसलं तर तो अडकून बसतो.” हे वाक्य कारखान्यातल्या भिंतीवर लिहिलेलं होतं आणि त्यांना ते पाठ होतं. एवढं सांगून ते कपडे बदलायला गेले आणि तिथून फोनवर बोलत बसले.

ते परत आले तेव्हा पुलर चांदीच्या भांड्यासारखा चकाकत होता.

“काय दशा झाली होती बिचाऱ्याची!” सासरे कौतुकाने म्हणाले. “गरम पाण्यात सोडा टाकून उकळला. मग ब्रशने आटा न् आटा घासला. आता कुठे हात लावायच्या लायकीचा झालाय.”

“बाबा, ते ग्रीस...”

“एक थेंब शिल्लक नाही!” सासरे अभिमानाने म्हणाले.

यावर जावयाने काय बोलावं? सासऱ्यांचं उतरतं वय, त्यांचे ओले हात, तोंडावरचा आनंद. जावईबापूंनी दात आवळले आणि पुलर तसाच गिअरवर चढवला. पाना लावून स्क्रू फिरवायला सुरुवात केली. आधी तो किंचाळला, मग कुरकुरला आणि ऐन जोर लागल्यावर जागच्या जागी बसला. पुढे जाईना, मागे येईना. गिअरही हलेना. आता मशीनला गिअर चिकटलेला होता आणि गिअरला पुलर.

“ग्रीस आणा!” जावईबापू ओरडले.

“लाँड्रीत?” सासूबाईंनी विचारलं, जणू कुणी देवघरात चपला आणायला सांगितल्या होत्या. घरात ग्रीस काढायची नाना औषधं होती. ग्रीस मात्र कणभर नव्हतं.

शेवटी जावईबापूंची बायको आतून एक डबी घेऊन आली. “अहो, ही चालेल का? माझी टाचांना लावायची क्रीम आहे. फार तेलकट असते.”

“आण इकडे.”

क्रीम आट्यांत भरली. गुलाबाचा वास दरवळला. थोड्या वेळाने स्क्रू खरंच सुटला आणि मागे फिरला. जावईबापूंना हुरूप आला. त्यांनी त्याच बरबटलेल्या हातांनी पंजे धरून पुन्हा गिअरमागे अडकवले आणि दणकून पाना ओढला. तिन्ही पंजे सुळकन निसटले, पुलर नडगीवर आदळला आणि जावईबापू एका पायावर नाचू लागले.

“पंजे कोरडे, ना हो?” बायको म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं. पण तिने ते तेव्हा विचारायला नको होतं.

“मला येतं सगळं!”

“हो, दिसतंय.”

सासरे पुढे सरसावले. “थांबा, पुन्हा उकळून देतो. टाचांची क्रीम लगेच निघते.”

“बाबा, हात लावू नका त्याला!” जावईबापू इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. सासरे खुर्ची उचलून दाराकडे गेले आणि पाठ करून बसले.

आता काहीतरी करून वातावरण निवळायला हवं होतं. जावईबापूंनी पंजे पुसले आणि मऊ आवाजात म्हणाले, “तसा दोष कुणाचाच नाही, बाबा. आतली चावी घट्ट बसलीय, म्हणून निघत नाहीये.”

चावी म्हणजे गिअर आणि शाफ्टच्या मधल्या खाचेत बसवलेला लोखंडाचा छोटा तुकडा. कारखान्यात त्याला चावीच म्हणतात. पण सासरे काही कारखान्यात नव्हते. रुसलेल्या माणसाने मदत करायची तर आडूनच करायची असते, म्हणून ते गुपचूप उठले आणि कोपऱ्यावर जाऊन आले. जरा वेळाने दारात सायकल उभी राहिली आणि गळ्यात चाव्यांचा जुडगा घातलेला एक माणूस आत आला.

“चावी कुठे अडकलीय?” त्याने विचारलं.

जावईबापूंनी गिअरकडे बोट दाखवलं. चावीवाल्याने वाकून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने पाहिलं.

“कुलूप कुठेय?”

“कुलूप नाहीये.”

“मग चावी कशाला घातली?”

“अहो, ती चावी ती नव्हे! बाबा, कुणी बोलावलं यांना?”

सासरे छताकडे पाहू लागले.

दरम्यान सासूबाईंनी कुणाशीही सल्लामसलत न करता मशीनचं दार उघडलं, साबणाच्या पाण्यात भिजलेल्या चादरी बाहेर ओढल्या आणि मागच्या हौदावर नेल्या. मशीन येण्याआधी त्यांनी पंधरा-वीस वर्षं हातानेच कपडे धुतले होते. त्यांनी पदर खोचला आणि पहिली चादर दगडावर आपटली. तो आवाज ऐकून सासऱ्यांचा रुसवा पळाला आणि तेही बाह्या सारून हौदाशी बसले. “तुम्ही रिकामे उभे आहात ना?” सासूबाईंनी चावीवाल्याला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. “पिळा.”

चावीवाला पिळू लागला. नाही म्हणायची हिंमत त्या अंगणात कुणातच नव्हती.

आत जावईबापूंना नवी युक्ती सुचली होती. पंजे फाकतात म्हणून निसटतात, मग ते बाहेरून बांधून का टाकू नयेत? त्यांनी अंगणात जाऊन एक मजबूत दोरी सोडली आणि पुलरभोवती घट्ट गुंडाळली. पंजे आता हलत नव्हते. एवढ्यात सासूबाई खांद्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन दारात आल्या.

“माझी वाळत घालायची दोरी कुठेय?”

बायकोने नुसतं पुलरकडे पाहिलं.

“आई, थोडाच वेळ. आता निघतच आलाय.”

“सकाळपासून निघतच आलाय तो,” सासूबाई म्हणाल्या. “ते हॉटेल गेलं तर आम्ही म्हातारपणी काय करायचं, जावईबापू? तुमचा गिअर पुसत बसायचं?”

हे लागलं. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नडगीमुळे म्हणावं तर नडगी आता दुखत नव्हती. पण दोरी सोडायची तर सगळा दिवस फुकट गेल्यासारखं होणार होतं, म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि पाना ओढत राहिले.

चादरी मग जमेल तिथे वाळल्या. कुंपणावर, खुर्च्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, चावीवाल्याच्या सायकलवर. सुदैवाने ऊन कडक होतं. सासरे एकेक चादर उलटीसुलटी करत फिरत होते आणि दर खेपेला आत डोकावून जात होते. विचारत काही नव्हते. ते जास्त त्रासाचं होतं.

ऊन उतरलं तशी हॉटेलची गाडी आली. मागे मळक्या पडद्यांचं भलंमोठं गाठोडं होतं आणि पुढे त्या बाई, ओठ मुडपून. बायकोने इस्त्री केलेल्या चादरींची चळत समोर ठेवली. बाईंनी वरची चादर उचलली, उजेडात धरली, चोळून पाहिली.

“या चादरी मशीनमध्ये धुतलेल्या नाहीत.”

सासूबाईच पुढे झाल्या. “खोटं कशाला बोलू? मशीन बंद पडलं. हाताने धुतल्यात. डाग राहिला असेल तर पुन्हा धुऊन देते.”

“डाग?” बाई म्हणाल्या. “अहो, इतक्या शुभ्र चादरी मी हॉटेलात कधी पाहिल्या नाहीत. मशीनने कशा करड्या पडायला लागल्या होत्या. खरं सांगू, आज मी काम बंद करायलाच आले होते, पडदेही दुसरीकडे टाकायला निघाले होते.” त्यांनी गाडीवाल्याला हाक मारली. “ते पडदे उतरव. आणि बाई, यापुढे सगळं असंच हवं. हातानेच.”

गाठोडं धप्पकन अंगणात पडलं. गाडी गेली. सासरे मटकन खाली बसले आणि हसू लागले. चावीवाल्याने पिळून पिळून दुखणारी मनगटं झटकली आणि सायकलला टांग मारून निसटला.

नेमक्या त्याच वेळी आतून टण्ण असा आवाज आला. पाठोपाठ जावईबापू धावत बाहेर आले. दोन्ही हातांत गिअर, कपाळावर काळा पट्टा, अंगाला गुलाबाचा वास.

“निघाला!” ते ओरडले. “निघाला, बाबा! आता बेअरिंग बसवलं की झालं. मशीन चालू करूनच देतो आज!”

“चालू?” सासूबाई दचकल्या. त्यांनी पडद्यांच्या गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. “नका हो, मशीन चालू झालं तर गिऱ्हाईक जाईल. ठेवा ते खाली, हात धुवा आणि या इकडे. पडदे जड आहेत, एक टोक धरा.”