कंट्रोलची माणसं

जानेफळच्या अविनाशचं लग्न गळत्या केसांवर अडलं होतं. आधीच्या स्थळाने तसं तोंडावर सांगितलं होतं. आता दुसरबीडचे अर्जुनराव आपल्या गार्गीसाठी रविवारी मुलगा पाहायला येणार होते. डॉक्टरांच्या गोळीने कपाळावर जरा लव धरली, आणि नेमका तेव्हाच इंद्रभानमामांच्या मोबाइलवर एक लेख आला.

"गोळी बंद कर बे," मामा म्हणाले. "केस येते, पन बाकीचं जाते. संशोधन हाये."

"बाकीचं म्हंजे?"

मामांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली घेतला. "उत्साह."

अविनाशला त्या क्षणापासून थकल्यासारखं वाटू लागलं. तो डॉक्टरांकडे धावला. डॉक्टरांनी लेख वाचून मोबाइल परत दिला.

"तक्रार घेऊन आलेल्यांनाच विचारलंय, तक्रार आहे का. म्हणजे पंगतीत बसलेल्यांना विचारून गावाची भूक मोजल्यासारखं झालं. गोळी न घेणारे किती जण असेच थकलेले असतात, ते कुठंय यात? कंट्रोल ग्रुपच नाही."

अविनाशने घरी येऊन सांगितलं, "मामा, ते संशोधन कच्चं हाये. त्यात कंट्रोलचा ग्रुपच नाही."

मामांना हे लगेच पटलं. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, आणि तिथल्या माणसाला कधी कोणी काही विचारत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता. "मंग आपन इचारू की! आज गहू वाटप हाये."

अविनाश अर्थ समजावेपर्यंत मामा कंट्रोलवर पोचलेही होते. गडीमाणसांच्या रांगेत त्यांनी एकेकाला खणखणीत आवाजात विचारलं, "उत्साह कसा हाये?" शेजारीच बायकांची रांग होती. सगळ्यांचा उत्साह उत्तम निघाला. किसनराव तर म्हणाले, "माह्यापुढं बैलजोडी झक मारते!"

"पाह्य," मामांनी घरी येऊन निकाल दिला, "कंट्रोलवाल्यायले काही झालं नाही. दोष गोळीचाच."

"बायकांसमोर कोन खरं सांगन, मामा?" अविनाश बोलून गेला. बोलायला नको होतं. मामा चूक सुधारायला कधीच वेळ लावत नसत.

अंगठ्याची मशीन बंद पडल्याने रांग तिथेच होती. मामांनी तीच माणसं एकेक करून पोत्यांच्या आड नेली. आता निकाल उलटा लागला. ज्याने त्याने मन मोकळं केलं. किसनरावांना तर आवरेना.

"तू बिनधास्त खाय," मामा म्हणाले. "गोळी न खाताच गावाची हे गत हाये."

अविनाशचा थकवा जागच्या जागी उतरला. "पन काऊन इचारता, असं कोनी म्हनलं नाही?"

"म्हनलं ना. सांगतलं, माह्या भाच्यासाठी इचारून राह्यलो."

किसनराव अर्जुनरावांचे साडू होते.

अर्जुनराव रविवारऐवजी शनिवारीच आले, तेही एकटे. चहाला हात लावला नाही. "जरा बाजूले येता काय?" म्हणत त्यांनी मामांना गोठ्यामागे नेलं. अविनाशने गार्गीचा फोटो मोबाइलवर एकदा शेवटचा पाहून घेतला.

मामा एकटेच आत आले. "जमलं! पोरगं पसंत. म्हने, जो लग्नाआधी एवढी चौकशी करते, तो मानूस जबाबदार. फक्त डॉक्टरचा नंबर मांगून राह्यले."

अविनाशने खिडकीतून पाहिलं. अर्जुनराव अंगणात टोपी काढून वारा घेत होते. केस इतके दाट, की कंगवा अडकावा.

त्याने नंबर लिहून दिला.