घरपट्टी आणि महंगूचा नंदी

कंपनी सरकारने घरपट्टी बसवली आणि सगळं बनारस घरांना कुलपं ठोकून गावाबाहेरच्या माळावर धरणं धरून बसलं. महंगू हलवाईही निघाला. कुलूप लावताना आतून मोठा सुस्कारा ऐकू आला, तसा तो बायकोला म्हणाला, "बघ फुलेसरा, घरालासुद्धा वाईट वाटतंय!"

सुस्कारा घराचा नव्हता. गल्लीतला मोकाट नंदी पेढ्यांच्या वासाने आत शिरून बसला होता. तुझ्या घरातून डुरकण्या ऐकू येतात, असा निरोप दुसऱ्या दिवशी माळावर आला, तेव्हा कुठे हे उमगलं.

महंगूच्या तोंडचं पाणी पळालं. कर उठेपर्यंत कुलूप उघडणार नाही, अशी सगळ्यांनी हातात गंगाजल धरून शपथ घेतली होती. उघडावं तर जातीबाहेर. मग त्याच्या हातचा पेढा कोण खाणार? न उघडावं तर महादेवाचा नंदी उपाशी मरणार आणि ते पाप सात पिढ्या फिटणार नाही.

"चौधरी, काहीतरी वाट काढा!" त्याने हलवायांच्या म्होरक्याचे पाय धरले. "दुसऱ्या कुणाला सांगावं, तर सगळं शहर शपथेत अडकलंय."

चौधरीने पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. "घरपट्टीसाठी घरं मोजणारा सरकारी मुनशी कुठं अडकलाय?"

"त्याला किल्ली देऊ? लोक फितूर म्हणतील!"

"देतोस कशाला? पाड की, लेका!"

मुनशी मोजणीची दोरी घेऊन बंद दारांसमोरून हिंडत होता. अजून एक खोली मोजून झाली नव्हती. गल्लीत आलेल्या महंगूच्या हातून पायाशी किल्ली पडताच त्याचा चेहरा खुलला.

"महंगू, तुझीच ना रे ही?"

"किल्लीकडे बघायचंसुद्धा नाही, शपथ आहे मुनशीजी," म्हणत महंगू तोंड फिरवून उभा राहिला, तो नेमका आपल्याच दाराशेजारी.

मुनशी ऐटीत आत गेला आणि पागोट्याशिवाय बाहेर आला. मागोमाग नंदी, शिंगात दोरी अडकलेली. मुनशी घाटाकडे पळाला, महंगू माळाकडे. महंगूच्या अंगाला पेढ्यांचा वास! नंदी त्याच्यामागे धावत आला आणि हलवायांच्या मधोमध फतकल मारून बसला.

"नंदीनेसुद्धा घर सोडलं! हर हर महादेव!" माळ दुमदुमला. घरी परतायच्या विचारात असलेले पुन्हा खाली बसले. महंगूच्या गळ्यात हार पडले.

अखेर सरकार नमलं. महंगू नाचत घरी आला, तर अंगणात नंदी आधीच हजर. महंगूने काठी उगारताच गल्ली खवळली. "ह्याच्यामुळे कर उठला आणि तू ह्यालाच हाकलतोस?"

काठी खाली आली. पेढ्यांची पहिली परात नंदीपुढे गेली. ती चाटूनपुसून त्याने महंगूकडे पाहिलं, दुसरी गेली.

फुलेसराने सोडलेलं गाठोडं पुन्हा बांधलं. "चला," ती म्हणाली, "आता ह्याच्यासमोर धरणं धरू."