हिंगणखोऱ्याचा गुरुवार

डोंगरी तालुक्यांमधले गुरुवार नवबंदर शहराला द्यावेत, असं पक्षाने ठरवलं त्याला बारा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात एकही पेटी तिथून परत आली नव्हती. व्यवस्था साधी होती. दर बुधवारी दिवेलागणीच्या आत प्रत्येक गावाने आपला गुरुवार लाकडी पेटीत भरून शाळेच्या ओट्यावर आणून ठेवायचा. वसुली अधिकाऱ्याने हात लावून तपासायचा, झाकणाला खिळे ठोकायचे, वर शिक्का मारायचा. ट्रक निघून गेला की लोक जेवून झोपत आणि उठत ते शुक्रवारी.

यायच्या आधीच गुरुवार पेटीत कसा भरतात, हा प्रश्न शहरातल्यांना पडतो. डोंगरातल्या बायकांना तो पडत नाही. विरजण लावताना दही कुणाला दिसतं? पण लावणारीला ते कुठे आहे ते ठाऊक असतं.

नवबंदरने या गुरुवारांचं सोनं केलं नाही, असं कुणी म्हणू नये. डोंगरात सहा दिवसांचा एक आठवडा होई, तेवढ्यात नवबंदरचे दहा दिवस होत. तिथे गोदी उभी राहिली, पोलादाची भट्टी पेटली, मिठागराच्या जागी कारखाने आले. डोंगरात रस्ता आला, दिवे आले, दवाखान्यात इंजेक्शनं आली, ती सगळी तिकडूनच. पक्षाचं म्हणणं होतं की आधी एक शहर वर येऊ द्या, मग ते बाकीच्यांना हात देईल. म्हणणं चुकीचं होतं असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एवढंच, की तिथे कामाला गेलेली माणसं लवकर पिकत. तालुक्याची वसुली अधिकारी सुगंधा कोळेकर हिची धाकटी बहीण शेवंता गोदीत रिव्हेट ठोकायला गेली, तेव्हा ती सुगंधापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. मागच्या दिवाळीला आली ती केस पांढरे घेऊन आणि गुडघे धरून. जास्त दिवस जगलेलं माणूस मोठं धरावं, असा पक्षाचा आदेश होताच. सुगंधाने तिला वाकून नमस्कार केला आणि त्या दिवसापासून ती शेवंताला ताई म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणताना दोघीही हसल्या होत्या.

सुगंधाच्या वसुलीत कधी खोट निघाली नव्हती. म्हणून जिल्हा सचिव कॉम्रेड पारसनीसांनी सोमवारी तातडीने बोलावलं, तेव्हा शाबासकी मिळणार असं समजून ती इस्त्रीची साडी नेसून गेली.

पारसनीसांनी बसायलाही सांगितलं नाही.

"गेल्या बुधवारी हिंगणखोऱ्याची पेटी तुम्हीच तपासलीत?"

"हो. शिक्का माझाच आहे."

"नवबंदरला ती पेटी फोडली. आत बुधवार निघाला."

कोरा गुरुवार हाताला माठासारखा गार लागतो, वापरलेला दिवस कोमट. ती पेटी कोमट लागली होती खरी. उन्हात ठेवली असेल, असं समजून सुगंधाने खिळे ठोकले होते.

"आणि तोही पुरा नाही, बुधवारची उरलेली संध्याकाळ," पारसनीस म्हणाले. "सकाळपाळीचे कामगार फाटकातून आत आले आणि दिवेलागण झाली. ते परत घरी गेले. भट्टी विझायला आली होती, कॉम्रेड. उद्या म्हणाल, एवढंसं काय झालं!"

"मी काहीच म्हणत नाही."

"हिंगणखोऱ्याने खरा गुरुवार लपवलाय. या बुधवारच्या ट्रकमध्ये तो पाहिजे. नाही आला, तर सगळ्या तालुक्याचा रविवारही जमा करून घ्यायचा, असं वरून आलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिंगणखोरे तुमचं माहेर ना?"

रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. तो गेला, तर डोंगरातल्या माणसाने भाजी विकायची कधी आणि मीठमिरची आणायची कधी? पण जिन्याने उतरताना सुगंधाच्या मनात बाजार नव्हता, आई होती.

गेल्या बुधवारी दुपारीच दवाखान्याच्या डॉक्टरांनी आवडाबाईंना, म्हणजे तिच्या आईला तपासलं होतं. बाहेर येऊन ते सुगंधाला म्हणाले होते, "बाई, शुक्रवार काही त्या बघणार नाहीत." सुगंधाला ट्रक गाठायचा होता, ती तशीच निघाली. शुक्रवारी उजाडल्यापासून ती निरोपाची वाट बघत बसली. निरोप आला नाही. शनिवारीही नाही, रविवारीही नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही. आता मात्र तिला कळत चाललं होतं, आणि जे कळत होतं त्याने आनंद व्हावा की पाचावर धारण बसावी, ते तिला ठरवता येईना.

मंगळवारी ती हिंगणखोऱ्यात पोचली. घरात आईची बाज रिकामी होती, गोधडी नीट घडी घालून ठेवलेली. भाऊ धोंडिबा ओट्यावर दोर वळत होता.

"आई कुठाय रे?"

"हाय की."

"कुठं?"

धोंडिबाने दोर बाजूला ठेवला. "सुगे, तू लेक म्हनून आलीस का वसुलीवाली म्हनून?"

"ते मला तरी कुठं माहीत आहे," सुगंधा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

मग धोंडिबाने सांगितलं. तालुक्यातला पहिला गुरुवार बारा वर्षांपूर्वी आवडाबाईंनीच दिला होता. गाव कां कूं करत होतं, तेव्हा ही बाई लाल पदर खोचून स्वतः पेटी डोक्यावर घेऊन शाळेपर्यंत चालत गेली होती. तिच्यासाठी एक गुरुवार मागे ठेवायला गाव एका शब्दात तयार झालं. त्या बुधवारी दुपारनंतर हिंगणखोऱ्यात कुणी चूल पेटवली नाही, कुणी शेतात गेलं नाही, पोरं खेळली नाहीत. सगळ्यांनी हातपाय आखडून वाचवलेली संध्याकाळ पेटीत भरली. खरा गुरुवार घरामागच्या पेवात उतरवला, आणि आईलाही.

पेव म्हणजे जोंधळा साठवायला आजोबांनी जमिनीत खणलेली खोल जागा. धोंडिबाने वरची फरशी सरकवली. खाली ऊन होतं. सुगंधा शिडीने उतरली, तर आई भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत बसलेली. चेहरा उतरलेला, पण हात चालू.

"कोन, सुगंधा? आधी झाकन लावाय सांग बाई. ऊन उतरतंय."

फरशी लागली. ऊन जिथल्या तिथे थांबलं. आईने समजावून दिलं की झाकण बंद असलं की इथला दिवस पुढे सरकत नाही, उघडलं की सरकतो. भाकरी आत द्यायला, पाणी आत द्यायला, उघडावं लागतंच. ती उतरली तेव्हा इथे सकाळ होती, आता तिसरा प्रहर झाला होता. सुगंधाने डोकं वर करून फरशीकडे पाहिलं. शिडीवर ती कचरली होती, तेवढ्यात आईचा घटकाभर वेळ तिने खर्च केला होता.

"आई, हा गुरुवार द्यावा लागणार आहे. तालुक्याचा रविवार जाईल."

आवडाबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग दे की. पक्षाचाच हाय तो. म्या काय जल्मभर बसाय आले का हितं?"

"दिला तर तुझा शुक्रवार उजाडेल."

"ठावं हाय मला. मी येडी न्हाई." ती जराशाने म्हणाली, "माझ्या शेवंताला बगायचं हुतं गं एकदा. बारा वरीस मी गुरुवार भरतीय, आन ते शहर कसलं झालंय ते मी बघितलंबी न्हाई. असं कर. मलाबी पेटीत घाल. गुरुवार तिकडं जानार, मी गुरुवारात. वाटंत काय शुक्रवार लागत न्हाई."

सुगंधाला यात चूक सापडेना. तिने तीनदा मनात तपासून पाहिलं.

ग्रामपंचायतीच्या फोनवरून तिने पारसनीसांना गाठलं. "गुरुवार सापडला. पण निम्माच उरलाय, तिसऱ्या प्रहरापासून पुढचा."

"चालेल. दुपारपाळीला लावू."

"आणि त्यात माणूस आहे."

"सभासद?"

"तालुक्यातला पहिला गुरुवार त्यांनीच दिला. माझी आई."

"मग हरकत नाही. परत आणायची सोय मात्र होणार नाही."

"साहेब, तो गुरुवार तिथे संपला की पुढे?" सुगंधाने विचारलं. "शुक्रवार?"

"शुक्रवार कसला?" पारसनीस म्हणाले. "नवबंदरला शुक्रवारी सुट्टी असते. भट्टीला सुट्टी परवडत नाही. नवी गोदी पुरी होईपर्यंत केंद्राने शुक्रवार तहकूब केलाय. आता आणखी चार तालुके जोडलेत, एक गुरुवार संपला की दुसरा उघडायचा. फक्त पुरवठा तुटता कामा नये. एक जरी पेटी खोटी निघाली, तरी त्या दिवशी तिथे शुक्रवार उजाडेल. कळलं ना, कॉम्रेड?"

"कळलं," सुगंधा म्हणाली. तिला फारच नीट कळलं होतं.

बुधवारी पेटी पेवात उतरवली. आईला उशी देऊन आत बसवलं आणि गावातल्या बायकांनी उरलेला गुरुवार तिच्याभोवती हळूहळू भरला. सुगंधाने स्वतः खिळे ठोकले. प्रत्येक घावाला आतून आई सांगत होती, "सरळ ठोक गं, वाकडा जातोय."

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी कचेरीतला फोन वाजला. शेवंता होती. आई पोचली होती. गोदी पाहून तिने हात जोडले होते, आणि शेवंताचे केस पाहून त्यांवर नुसता तेलाचा हात फिरवत बसली होती. पाठोपाठ दुसरा गुरुवार आला, तिसरा आला, आणि आई उठून चहा करू लागली.

त्यानंतर सुगंधासारखी वसुली जिल्ह्यात कुणी केली नाही. ती प्रत्येक पेटीवर दोन्ही तळवे टेकवून उभी राही. फटीला कान लावी. कुठे गुरुवारची पहाट कुणी कापून ठेवली असेल, तर पेटीच्या वजनावरून ओळखी आणि उघडायला लावी. लोक तिच्या तोंडावर काही बोलत नसत, पण ती आली की बायका ओट्यावरून पोरं आत घेत. तिला ते दिसत होतं. रात्री जेवण जात नव्हतं. पण एक पेटी कमी पडली तर काय होईल, हे आठवलं की ती सकाळी पुन्हा कठोर होई.

पावसाळा सरता सरता एका बुधवारी कोंबडटेकाच्या ओट्यावर तिने पेटीला हात लावला, आणि पेटी कोमट लागली.

गावचे पुढारी पांडबा गवारे समोर उभे होते. त्यांची बायको आजारी असल्याचं सुगंधाने ऐकलं होतं. पांडबांनी मान खाली घातली होती.

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. सुगंधाचे हात पेटीवरच होते. आता नुसता शिक्का मारायचा. मग नवबंदरला शुक्रवार उजाडेल. शेवंता दिवसभर पाय लांब करून पडेल. पांडबांची बायको इथे पेवात तांदूळ निवडेल. आणि आई चहाचं आधण ठेवायला उठणार नाही.

"पेटी बदला, पांडबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

पांडबा वळले. बऱ्याच वेळाने चार गडी दुसरी पेटी घेऊन आले. गार होती, पण चौघांनाही झेपत नव्हती. टेकवताना आतून कुणीतरी हळूच खाकरलं.

"तुमच्या आईसंगं ऱ्हाईल," पांडबा म्हणाले. "वळखीच्या हाईत दोघी. एकाच बाजाराला जायच्या."

"परत आणायची सोय नाही."

"हिंगनखोऱ्याचं ऐकलंय समद्यांनी. म्हाईत हाय."

सुगंधाने खिळे ठोकले, सरळ ठोकले, आणि शिक्का मारला. पेटी चढवताना ट्रकवाला कुरकुरला की आज सगळ्याच गावांच्या पेट्या अशा जड झाल्यात, टायर बसतील. सुगंधा आत डोकावली. पेट्यांमधून बारीक बोलणं ऐकू येत होतं. एक म्हातारी दुसरीला फटीतून विचारत होती, पोचायला किती वेळ लागतो म्हणून.

सकाळी कचेरीत फोन वाजला. पलीकडून थकलेला, कापरा आवाज आला.

"आई?" सुगंधा म्हणाली. "कशी आहेस गं?"

"आई नाही. मी शेवंता." ती धाप लागल्यासारखी थांबत थांबत बोलत होती. "आई बरी आहे. खाली बाजारात गेलीय. सुगंधा, ती घरात नाही म्हणून विचारते. एखादा शुक्रवार येईल का गं? एकच. पाय सुजलेत माझे. हातोडी उचलत नाही."

सुगंधाने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"ताई, कालचा ट्रक निघालाय."

"मग?"

"त्यात माणसं आहेत. प्रत्येक पेटीत कुणीतरी आहे. कोंबडटेकाची, वाघजाईची, सगळीकडची. त्यांना दुसरं कुणी नाही तिथे. तुझाच पत्ता दिलाय सगळ्यांनी."

मागे कुठेतरी गोदीचा भोंगा झाला, पाळी बदलल्याचा.

"किती जणी आहेत?" शेवंताने विचारलं.

"पुष्कळ."

"बरं," शेवंता म्हणाली. "अंथरुणं काढून ठेवते."

फोन बंद झाला. सुगंधा खुर्चीवरून उठली आणि तिने कचेरीची खिडकी उघडली. बाहेर शुक्रवार होता, स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि शाळेच्या ओट्यावर सुतार पुढच्या बुधवारच्या पेट्या जरा मोठ्या मापाने बनवत होता.