वरचा वास

नरसक्का माणसाला आधी हुंगते आणि मग 'या' म्हणते.

भवानी पेठेत आमच्या भिंतीला लागूनच तिचं घर. लग्नाआधी ती हैदराबादला सिगारेटच्या कारखान्यात मसाला खात्यात होती. तिथं ती एकच शास्त्र शिकली. तंबाखूत मुरवतात तो पोटातला वास, आणि शेवटी फवारतात तो वरचा वास. तेच शास्त्र ती माणसांनाही लावते. मतं मागायला आलेला हात जोडून गेला की म्हणते, "नुसता वरचा वास हाय."

आमचे हे सिगारेट ओढायचे. ती सुटावी म्हणून मी रडले, अबोला धरला, सोमवार केले. एकदा नरसक्कानं ह्यांच्या पाकिटातली एक घेतली, मोडली आणि तळहातावर चोळून हुंगली.

"साखर. कोको. ज्येष्ठमध. भावजी, ही तर मिठाई हाय की. धूर घशाला टोचू नये म्हणून." पुन्हा हुंगली. "आन् मुतारीत येतो न्हवं, तो अमोनिया. निकोटिन झटकन चढावं म्हणून."

ह्यांनी पाकीट गटारात टाकलं ते कायमचं. माझे सगळे सोमवार एकीकडं आणि तिची एक मुतारी एकीकडं.

वर हे जेवताना म्हणायचे, "काय नाक आहे अक्कांचं." अहो, नाक माझंही होतं. चाफेकळी. पण ते नुसतं दिसायला.

मग मी जी अक्कल चालवली ती नातींना अजून सांगितलेली नाही. कोको आणि ज्येष्ठमधाची पूड दुधात कालवून कानामागं लावली. हे काही फिरकले नाहीत, मुंग्या मात्र आल्या. नरसक्का दारातूनच म्हणाली, "वैनी, वरचा वास लई झाला."

आता हे नाहीत. स्वेटर तेवढा कपाटात आहे. नरसक्का रोज संध्याकाळी येते, तो मागून घेते, त्यात नाक खुपसते आणि सांगते, "हाय अजून. भावजींचा पोटातला वास. जायचा न्हाय." मला तर डांबरगोळ्यांशिवाय काही येत नाही. नवरा माझा, आणि सापडतो हिच्या नाकाला. या वयातही अंगाचा तिळपापड होतो.

परवा तिच्या घरातून करपल्याचा असा वास सुटला की गल्ली खोकायला लागली. धावत गेले. दुधाचं पातेलं काळं ठिक्कर, आणि बाई शेगडीकडं पाठ करून निवांत शेंगा फोडत बसलेली. मी गॅस बंद केला. तिनं वळून पातेल्याकडं पाहिलं.

"नाक गेलंय, वैनी," ती म्हणाली. "मागं मोठा ताप आलता न्हवं, त्यात. भावजी होते तवाच."

त्या संध्याकाळी ती आली नाही. मीच स्वेटर घेऊन गेले.

"बघ गं, आहे का."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वेटर घेतला आणि हळूच हुंगला. "हाय," म्हणाली.

मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि तिच्याहून मोठा श्वास घेतला. डांबरगोळ्या.

"पोटातलाच," मी म्हटलं. "आणि तुझ्यापेक्षा मला जास्त येतोय."