तीनचं पाणी

भुसा चाळायचा नाही, असं मी एका रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता ठरवलं. आयुष्याची वाट लावणारे निर्णय असेच असतात. घेताना अजिबात आवाज होत नाही.

"साहेब, चाळून घेऊ की," मिस्त्री म्हणाले. "गुरांच्या खाद्याच्या दुकानातला भुसा आहे. गव्हाचे दाणे राहतात यात."

"मिस्त्री, पृथ्वीकडे आता वेळ नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी एकदा पृथ्वीकडे, म्हणजे आमच्या फरशीकडे, पाहिलं आणि भुसा तसाच चिखलात ओतला.

पृथ्वीची एवढी घाई का होती, ते सांगतो. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला आहे. (आर्किटेक्ट दुसरे आहेत. मी त्यांच्या इमारतींमधले संडास काढतो. कागदावर.) आमच्याकडे एका शाळेच्या दुरुस्तीचं काम आलं. चार वर्ग पश्चिमेला, दुपारी भट्टीसारखे तापतात. सरांचा बेत नेहमीचा होता: सिमेंटचं नवं प्लास्टर आणि प्रत्येक वर्गात एक एसी. मीटिंगमध्ये मी ताडकन उभा राहिलो. सिमेंट बनवताना किती धूर होतो, एसी आत गारवा देतो तेवढीच बाहेर आग कशी ओकतो, आणि साध्या चिखल-भुशाचा जाड थर हेच काम फुकटात कसं करतो, हे मी वीस मिनिटं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. ही त्यांची फार वाईट सवय आहे.

"तुझ्या घराला पश्चिमेची भिंत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

"तिच्यावर करून दाखव. पाचव्या रविवारी मी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन येतो. दुपारी तीनला खोलीत तीस अंशांच्या खाली असेल, तर शाळेचं काम तुझं. पहिलं स्वतःचं काम. नसेल, तर सिमेंट, एसी आणि तुझे संडास."

पश्चिमेची भिंत आईबाबांच्या खोलीत होती. तिथे दुपारी पस्तीस अंश असायचे आणि बाबांनी एसीचं माहितीपत्रक उशाखाली ठेवलेलं होतं. बाबा म्हणजे निवृत्त साइट सुपरवायझर. छत्तीस वर्षं त्यांनी सिमेंटशी संसार केला. (आई म्हणते, तिच्याशी जेमतेम पंधरा.) मी त्यांना अडतीस स्लाइड दाखवल्या. ते एकोणिसाव्या स्लाइडला घोरायला लागले, तो मी होकार धरला. उठल्यावर म्हणाले, "कर काय करायचं ते. तीसच्या खाली नाही आलं, तर सोमवारी एसी."

तर मिस्त्रींनी भिंतीवर चार बोटं जाड थर चढवला. काम सुरेख झालं. मी भिंतीसमोर उभा राहून फोटो काढून घेतला आणि मिस्त्रींना म्हणालो, "आता आठ-दहा दिवसांत वाळेल."

दहा दिवसांनी भिंत जशीच्या तशी ओली.

मी रोज ऑफिसला जाण्याआधी बोट लावून बघायचो. बोट आत जायचं. दुपारी तीनला तापमान बघायचं काम आईकडे होतं. ती मला मेसेज पाठवायची: "एकोणतीस. तुझा निळा शर्ट पिळून ठेवलाय, रंग गेला." दुसऱ्या दिवशी: "साडेअठ्ठावीस. भाजीत मीठ जास्त झालं तर सांगत जा." साडेअठ्ठावीस! मी ऑफिसभर नाचलो. भिंत वाळली नव्हती ती नव्हती, पण आकडे तर बघा!

"पण ती वाळत का नाही?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. लग्नाच्या वेळी मी एवढा विचार केला नव्हता.

"माती आहे ती. मातीच्या स्वभावात घाई नसते. भिंत श्वास घेते."

"श्वास घेते की अंघोळ करते?"

मी तिच्याकडे दयेने पाहिलं.

सोळाव्या दिवशी सकाळी ती भिंतीजवळ गेली, चष्मा सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "अरे, भिंतीला केस आलेत."

"काहीतरीच काय!"

"हिरवे."

मी पाहिलं. बारीक, हिरवी, उभी लव. कोवळ्या मुलाला मिसरूड फुटावी तशी भिंतीला फुटली होती. मी म्हणालो, शेवाळ आहे. अठराव्या दिवशी शेवाळ बोटभर उंच झालं. विसाव्या दिवशी ते खिडकीच्या बाजूला वाकून उन्हाकडे बघायला लागलं. मी मिस्त्रींना फोन केला.

"मिस्त्री, भिंतीवर काहीतरी उगवलंय."

"गहू असेल, साहेब," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य म्हणून नव्हतं. "पण पाणी मिळाल्याशिवाय कसा उगवेल? थर तर आठवड्यात वाळायला पाहिजे. तुम्ही पाणी घालता का?"

"मी कशाला पाणी घालू? मी काय वेडा आहे?"

"तसं नाही म्हणालो," मिस्त्री म्हणाले. (तसंच म्हणाले होते.)

मी कामाला लागलो. आधी दोन-तीन दिवस कात्रीने कापत राहिलो. मग माझ्या दाढीच्या मशीनने भिंतीची दाढी केली. मशीनमध्ये चिखल गेला आणि ते कायमचं थांबलं, त्यामुळे भिंत गुळगुळीत आणि मी दाढीवाला, असे आम्ही दोन दिवस वावरलो. तिसऱ्या दिवशी गहू दुप्पट जोमाने आला. बाबा पलंगावर पेपर वाचत होते. पेपर खाली करून म्हणाले, "पीक चांगलं आहे."

"बाबा, हसू नका. परवा सर येणार आहेत. माझी शाळा जाईल."

"आणि माझा एसी येईल," बाबा म्हणाले. पण म्हणताना ते भिंतीकडे पाहत होते, आणि त्या नजरेत मला वेगळंच काहीतरी दिसलं. माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी मी त्या नजरेची वाट पाहिली होती.

रविवारी मी सकाळी नऊपासून खोली आवरली आणि अडीच वाजता भिंतीवर मोठी चादर टांगली. निळी, फुलांची, डबल बेडची. सर पावणेतीनला आले. सोबत मुख्याध्यापिकाबाई, हातात वही, चेहऱ्यावर चाळीस वर्षांची शिस्त.

"ही चादर कशाला?" सरांनी विचारलं.

"भिंतीच्या आरोग्यासाठी, सर."

"भिंत आजारी आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. धूळ! धूळ बसू नये म्हणून."

"मग बघायची कशी?"

"आधी आकडा बघू या," मी घाईघाईने म्हणालो. "आकडा महत्त्वाचा. भिंत काय, सगळ्यांकडेच असते."

तेवढ्यात चादर मधोमध हलली. आत दोन-चार पाती सरळ झाली असणार. बाई एक पाऊल मागे सरकल्या. "आत कोणी आहे का?"

"वारा," बायको म्हणाली. खिडकी बंद होती.

तीनला दोन मिनिटं कमी होती. सरांनी थर्मामीटर हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "अठ्ठावीस पूर्णांक चार," ते म्हणाले. बाहेर चाळीस होते. बाईंनी वहीत लिहिलं. मी खाकरलो, उजवा हात चादरीकडे केला आणि सुरुवात केली: "सर, बाई, या चादरीमागे एक अशी भिंत आहे, जिला वीज लागत नाही, जी धूर सोडत नाही, जी कोणाकडे काहीही मागत नाही..."

घड्याळात तीनचे टोले पडले. दार उघडलं. बाबा आत आले. अंगात बनियन, खांद्याला झाडांवर फवारायचा पंप. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. शिस्तीत चालत भिंतीजवळ गेले, माझी चादर एका हाताने बाजूला केली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून फवारायला सुरुवात केली.

हिरवागार, वीतभर, डुलणारा गहू.

खोलीत फक्त फुस्स, फुस्स एवढाच आवाज होता.

"बाबा!" मी ओरडलो. "तुम्ही काय करताय?"

"तीनचं पाणी," बाबा म्हणाले. "थांब, मध्ये बोलू नकोस, पट्टा चुकतो."

"तुम्ही रोज पाणी घालता?"

"सकाळी सहा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा. तू तेव्हा झोपेत, नाही तर बाहेर असतोस. प्लास्टर आहे ना? मग प्लास्टरला पाणी नको मारायला? पाणी मारलं नाही तर तडे जातात. पोराचं पहिलं काम, तडे गेले तर लोक काय म्हणतील?"

"अहो, ते सिमेंटला! मातीला वाळवायचं असतं!"

बाबांनी पंप खाली केला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पाणी बंद करायला सांगत होतं. "मग तसं सांगायचंस ना."

"मी अडतीस स्लाइड दाखवल्या होत्या!"

"त्यात होतं?"

मी मनातल्या मनात स्लाइड चाळल्या. पहिल्या एकवीस हिमनद्यांवर. पुढच्या दहा समुद्राच्या पातळीवर. दोन अस्वलांवर. चार धुरावर. शेवटची 'धन्यवाद'. भिंतीवर पाणी मारू नका, असं कुठेच नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?" मी दाराकडे वळलो.

"मला सगळं माहीत असतं," आई म्हणाली. "पण तुम्हा दोघांच्या कामात मी पडत नाही. मागे एकदा पडले होते, तर दोघांनी मिळून मला समजावलं."

सरांनी ओल्या भिंतीला हात लावला. "म्हणजे हा गारवा मातीचा नाही. पाण्याचा आहे. माठासारखा." त्यांनी हात रुमालाला पुसला. "हा आकडा मी धरणार नाही. पंधरा दिवस देतो. गवत काढ, भिंत वाळव, वडिलांना आवर. तापमान मी येऊन मोजेन."

बाई मात्र भिंतीसमोरून हलेनात. "तिसरीच्या मुलांना अंकुरणं शिकवायला किती छान आहे हे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोन पाती उपटून वहीत ठेवली.

पंधरा दिवस मी भिंतीला पहारा दिला. सकाळी सहाला बाबा पंपाकडे बघायचे, मी बाबांकडे. त्यांचा हात शिवशिवायचा. शेवटी आईने त्यांना बाहेरच्या कुंड्या दिल्या. त्यातल्या दोन बुडून मेल्या. थर वाळला, तडे गेले नाहीत, आणि मिस्त्रींनी बाहेरून लाकडी पट्ट्यांची एक सावली बसवून दिली. सर आले. तीन वाजले.

"एकोणतीस पूर्णांक सात."

कोरडं! खरं! बिनपाण्याचं! मी बायकोला उचलायला गेलो, ती म्हणाली, "आधी हात धू."

"शाळेला मातीचंच प्लास्टर करायचं," सर म्हणाले. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं. "काका, तुम्ही भिंतीला पाणी मारलंत. चार आठवडे, दिवसातून तीनदा. एक तरी पाणी चुकलं?"

"चुकेल कसं?" बाबा दुखावले.

"असा माणूस मी वीस वर्षं शोधतोय. याला कल्पना भरपूर सुचतात, पण काय करायचं नाही हे सांगायचं राहून जातं. शाळेच्या साइटवर सुपरवायझर म्हणून येता का?"

बाबांनी उशाखालून एसीचं माहितीपत्रक काढलं आणि आईच्या हातात दिलं. "दुपारी मी घरी असणारच नाही. याचं काय करायचं?"

"आणि मी, सर?" मी विचारलं.

"तू त्यांच्या हाताखाली."

पहिल्याच दिवशी साइटवर बाबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील. म्हणाले, "इथे मला बाबा म्हणायचं नाही. आणि नऊ म्हणजे नऊ." मी डबा हातात घेऊन मान डोलावली.

परवा महिना भरला. सुपरवायझरने हाताखालच्या प्रत्येक माणसाबद्दल दोन ओळी ऑफिसला लिहून पाठवायच्या असतात. सरांनी माझ्याबद्दलचा कागद माझ्यासमोर सरकवला. बाबांचं ते सरळ, करकरीत अक्षर.

"मुलगा तळमळीचा आहे. बोलतो फार. ओळखीतला आहे, म्हणून ठेवून घेतला आहे."