फोरमनकाकांचा तिसरा थर

आमच्या समोरच्या घरातले फोरमनकाका गोड पदार्थ चाखून बघत नाहीत, मोजून बघतात. म्हणजे अगदी खरोखर मोजतात. खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतात, त्याच्या जबड्यात वडी धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि आकडा वाचतात. मग वडी बशीत ठेवून निकाल देतात. निकाल दोनच, 'पास' नाहीतर 'रिजेक्ट'. चव कशी आहे हा प्रश्न त्यांना पडलेला मी कधी पाहिला नाही. एकदा मी आपणहून म्हणाले, "काका, छान झालीय हो." तर म्हणाले, "छान बगू नगा बाई. मदला थर अर्धा सूत जास्त हाय, त्ये बगा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकांची उभी हयात एका फौंड्रीच्या टूलरूममध्ये गेली, त्यातली निम्मी फोरमन म्हणून. नाव हिंदुराव, पण शिवाजी पेठेत त्या नावानं विचारलंत तर चार जण डोकं खाजवतील. फोरमन म्हटलं की पोरंसोरं दारापर्यंत आणून सोडतात. मी शाळेत गणित शिकवते म्हणून मी 'बाई'. गणितवाली म्हणून आपल्याच बिरादरीतली, असा त्यांचा माझ्याबद्दल गैरसमज आहे, आणि त्यापायी मला बरंच काही सोसावं लागतं.

हा जो पदार्थ आहे त्याला म्हणे 'बार' म्हणतात. काका त्याला 'थराचा माल' म्हणतात आणि रंजनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, 'ते तुमचं' म्हणतात. खाली बिस्किटाचा चुरा लोण्यात कालवून दाबायचा, त्यावर डब्यातलं घट्ट दूध आणि खोबऱ्याचा कीस घालायचा, हे दोन थर भाजायचे, गार करायचे आणि वर वितळवलेलं चॉकलेट ओतून शेंगदाण्याची भरड भुरभुरायची. घट्ट झालं की कापायचं. काकांच्या पुण्याच्या सुनेनं एका दिवाळीला हे केलं होतं. "एकदम सोपं आहे, कुणालाही जमतं," असं ती म्हणाली आणि तिथंच फसली. कापताना वरचा थर घसरून ताटात आला. आम्ही सगळ्यांनी तो प्रकार चमच्यानं खाल्ला आणि दोनदा मागून घेतला. काकांनी मात्र चमचा लावला नाही. ते ताटाभोवती फिरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "खालचा गार व्हायच्या आदीच वरचा वतलाय. थर सुटनार न्हाय तर काय हुईल?"

त्या दिवसापासून काकूंचं स्वयंपाकघर गेलं ते गेलंच. काकांनी ओव्हन आणला. चुरा दाबायला सागवानी ठोकळा केला. वड्या कापायला बारीक तार ताणून चौकट केली. आणि वरचा थर एका बाजूला झुकतोय असं दिसल्यावर त्यांनी पाण्याची लेव्हल आणून फ्रिजमध्ये ठेवली, बुडबुडा मध्ये येईना म्हणून फ्रिजच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारले. आज पेठेत लेव्हलला असलेली एकमेव वस्तू म्हणजे तो फ्रिज असेल.

"पावनं आलं तर रस्सा ठिवायचा कुटं?" काकूंनी एकदा माझ्यासमोरच विचारलं.

"रस्सा भाईर ऱ्हातोय की," काका म्हणाले. "थर ऱ्हात न्हाय."

दर दिवाळीला पास झालेला माल डब्यात भरून पुण्याला, सुनेच्या माहेरी, जुन्या कामगारांच्या घरी जातो. रिजेक्ट गल्लीला. मी इतक्या वर्षांत एकही पास झालेली वडी खाल्लेली नव्हती. पास आणि रिजेक्ट यातला फरक जिभेला कळत नाही, तरी मनाला लागतं हो. फक्त भाऊबीजेच्या संध्याकाळी चमत्कार व्हायचा. दिवेलागणीला काका स्टीलचा मोठा डबा घेऊन गल्लीत यायचे. आत धारदार कडांच्या, आखून काढल्यासारख्या वड्या. "रिजेक्ट हाय, वाटून टाका," एवढं म्हणून डबा माझ्या हातात द्यायचे. एका वर्षी मी न राहवून वडीला पट्टी लावली. एका रेषेचा फरक नव्हता. मी विचारलं, "काका, ह्यात चुकलंय काय?"

"माल येळंत गेला न्हाय," ते म्हणाले. "येळंत न गेल्याला माल रिजेक्टच असतोय." आणि घरात गेले. म्हातारपणाची आणखी एक तऱ्हा म्हणून मी ते सोडून दिलं आणि त्यातल्या चार वड्या घरच्यांसाठी लपवल्या.

खरी गोष्ट पुढं कधीतरी पापड वाळत घालताना काकूंनी सांगितली. काकांना एक थोरली बहीण आहे, हौसाक्का. राहते चार गल्ल्या पलीकडं. आई दिवसभर शेतावर, म्हणून काकांना वाढवलं ते अक्कानंच. तिच्या कडेवरून ते उतरले ते थेट शाळेत. अक्काचे यजमान आनंदराव, काकांचे दाजी. दाजी एका तालमीचे, काका दुसरीचे, आणि आमच्याकडं प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. आमच्या पेठेत हे लग्नाच्या वेळी कुणी बघत नाही आणि मग जन्मभर भोगतात. फुटबॉलचा हंगाम आला की एकाच घरात दोन झेंडे लागतात.

तर अकरा वर्षांमागं एका सामन्याला काका लाईनमन होते. दाजींच्या तालमीनं गोल मारला आणि काकांनी निशाण वर केलं. ऑफसाईड. गोल रद्द झाला, सामना गेला. दाजी मैदानात उतरून सगळ्या पेठेदेखत ओरडले, "हिंदूचा डोळा गेलाय. हातभर चुकलाय त्यो." दुसऱ्या कुणाला म्हणाले असते तर चार दिवसांत विरलं असतं. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात केसाएवढी चूक खपवून घेतली नाही त्याला हातभर म्हणजे फारच झालं. काकांनी तिथंच सांगितलं, "दाजी सोताच्या तोंडानं ऑफसाईड म्हणंस्तवर मी त्येंची पायरी चढनार न्हाय." दाजी काही म्हणाले नाहीत. काका काही चढले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी दाजी वारले. काका स्मशानात गेले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि परस्पर घरी आले. शब्द घ्यायचा तो माणूसच गेला, म्हणजे आता ती पायरी कायमची बंद, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "त्यो डबा अक्काचा असतोय," काकू म्हणाल्या. "वर्साला भरत्यात. भाऊबीजंला इस्त्रीची कापडं घालून भाईर सोप्यात बसत्यात. उठू उठू करत सांज हुती, की आनून तुमास्नी देत्यात."

मला माझीच लाज वाटली. त्या लपवलेल्या चार वड्यांची तर फारच वाटली.

यंदा पाडव्याला काकांच्या ओव्हननं मान टाकली. कॉईल गेली. दुकानं बंद. काका खालचे दोन थर लावून बसलेले, आणि उद्या भाऊबीज. शेवटी ते रज्जाकभाईंच्या बेकरीत गेले. आमच्याकडं दिवाळीत घरचं तूप-साखर-मैदा घेऊन नानकटाई भाजून आणायला सगळी पेठ रज्जाकभाईंच्या भट्टीवर जाते. पाव निघाले की भट्टी उतरते, त्या मंद आचेवर गिऱ्हाइकांचे ट्रे लागतात. काकांनी भट्टीवरच्या पोराला तीनदा बजावलं की हे फक्त दोनच थर आहेत, तिसरा घरी घालायचा आहे. एवढ्यावर न थांबता ट्रेच्या कडेला स्वतःच्या नावाची चिठ्ठीही डकवली. हयातभर फौंड्रीत काढलेल्या माणसानं कागदाची चिठ्ठी भट्टीत पाठवली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

चिठ्ठी अर्थातच जळाली. भाऊबीजेला दुपारी रज्जाकभाईंसमोर चाळीस ट्रे, आणि हा एक विनाचिठ्ठीचा. पण काठावर नाव घातलेलं होतं, 'श्री. आनंदराव चव्हाण व सौ. हौसाबाई यांजकडून'. काकूंनी माळ्यावरून मोठा म्हणून काढून दिलेला तो ट्रे काकांच्या वास्तुशांतीला अक्का-दाजींनी दिलेला आहेर होता. आपल्याकडं भांड्यावर ज्याचं भांडं त्याचं नाव नसतंच, ज्यानं दिलं त्याचं असतं. माझं अर्धं स्वयंपाकघर माझ्या नणंदांच्या नावावर आहे. रज्जाकभाईंनी घाईत 'चव्हाण' एवढं वाचलं. अक्काची सून नानकटाई न्यायला समोरच उभी होती. त्यांनी दोन्ही ट्रे तिच्या हवाली केले.

उन्हं उतरताना काका रिकाम्या हातानं परत आले ते आमच्याच घरी. पाणी दिलं तर घेतलं नाही. "बाई, माल दोन थरावर गेटाभाईर गेलाय," म्हणाले. "आजपत्तोर अर्धा माल मी सोडला न्हाय." कुठल्या घरी गेला ते 'चार गल्ल्या पल्याड' एवढंच सांगितलं, कुणाचं घर ते मी ओळखलं. पाचच मिनिटांत त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं चॉकलेटचं पातेलं आणि भरडीची पुडी माझ्यापुढं ठेवली. मी जायचं, थर ओतायचा आणि कुणाशी काही न बोलता यायचं. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. एवढा मोठा माणूस इतका कोंडीत सापडलेला मला बघवेना. मी पातेलं उचललं.

अक्का सोप्यातच बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, मूठभर देहाच्या. ट्रे पुढ्यात, त्यावर पांढरा रुमाल.

"सून म्हनती, ह्यो आपला न्हवं, परत देऊ. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्या ट्रेवर नाव मीच हुबं ऱ्हाऊन घालून घेतलंय. हिंदूचा हाय ह्यो."

मी सांगितलं की वरचा थर राहिलाय, तो घालायला मला पाठवलंय.

"तू कोन?"

"मी समोर राहते त्यांच्या."

"मग समोरच ऱ्हा," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ज्येचं काम त्येनं येऊन करावं." मग मलाच विचारल्यासारखं बोलल्या, "भाऊ नसल्याली बाई भाऊबीजंला चंद्राला ववाळती, ठावं हाय न्हवं? मी अकरा वर्सं ववाळती. नातू इचारतोय, आजी, तुला भाऊ न्हाय व्हय गं? मी सांगती, हाय की. चार गल्ल्या पल्याड हाय." त्यांनी रुमालाची घडी सारखी केली. "बीजंची कोर लौकर बुडती. त्येच्या आदी आला तर बरं, म्हनून सांग."

मी पातेलं घेऊन परत आले आणि एक शब्द न गाळता सांगितलं. काका इस्त्रीच्या शर्टात, टोपी घालून सोप्यात बसलेले. चंद्राचं ऐकल्यावर त्यांची मान खाली गेली. म्हणाले, "पर दाजी न्हाईत. कुनाला इचारून पायरी चढू?"

काकूंनी आतून येऊन पातेल्यावरचं झाकण उघडून पाहिलं. "ऑफसाईड हुतं का न्हवतं त्ये वर गेल्यावर दाजीस्नी इचारा. आता चाकलेट घट्ट व्हाय लागलंय," त्या म्हणाल्या. "परत पातळ करून देती. उठा."

काका उठले. पातेलं त्यांनी स्वतः घेतलं, पुडी माझ्याकडं दिली. अक्काच्या पायरीशी आल्यावर ते थांबले आणि थांबूनच राहिले. आतून आवाज आला, "हिंदू, चपला भाईरच काढ. आत्ताच पुसून घेतलंय." ते ऐकून त्यांनी लहान पोरासारख्या चपला काढल्या आणि चढले.

आधी त्यांनी काम केलं. जमिनीवर मांडी घालून तिसरा थर ओतला, भरड पसरली. अक्का भिंतीला टेकून बघत होत्या. "अक्का, यायाचं हुतं गं," ते ट्रेकडं बघतच म्हणाले. "दर वर्साला यायाचं हुतं." अक्का म्हणाल्या, "व्हय. ठावं हाय." मग सुनेनं पाट मांडला, अक्कानं कुंकू लावलं, ओवाळलं. दोघंही रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ओवाळून झाल्यावर अक्कानं ताट खाली ठेवलं नाही. तसंच घेऊन त्या दारात गेल्या. समोरच्या घरांवर कोर अजून होती, बारीक, बुडायला आलेली.

"आता कशाला, अक्का?" काका मागून म्हणाले. "मी आलोय की."

"तू आलास म्हनून त्येला सोडू व्हय?" अक्का म्हणाल्या. "अकरा वर्सं तुज्या जागी हुबा ऱ्हायलाय त्यो."

त्यांनी तीनदा ताट फिरवलं. काका येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि थोरल्या भावाला करतात तसा त्या कोरीला वाकून नमस्कार केला.